किसान क्रेडिट कार्ड खात्याचा ताळमेळ
व्याज व कार्डावरील व्यवहार हिशेबात कसे घ्यावेत

पेरणीपूर्वी शंभर दाणे मोजून ते ओल्या गोणपाटात गुंडाळावेत आणि किती उगवले ते पाहून मगच बियाण्याचे प्रमाण ठरवावे, हे आता बहुतेक शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडले आहे. बियाणे चांगले आहे असे विकणाऱ्याने सांगितले तरी आपण ते पारखून घेतो. ही पारख पैशाच्या हिशेबाला मात्र क्वचितच लावली जाते. वर्षभर कार्डाने खते घ्यावयाची, यंत्रातून रोकड काढावयाची, माल विकला की खात्यात भरणा करावयाचा आणि अखेरीस बँक सांगेल तो आकडा खरा मानावयाचा, अशी रीत सर्वत्र दिसते. बँकेचा आकडा बहुधा बरोबरच असतो. पण तो का व कसा आला हे ठाऊक नसल्यामुळे शेतकऱ्याचा स्वतःचा हिशेब चुकतो, आणि चुकलेल्या हिशेबावर तो पुढच्या हंगामाचे निर्णय घेतो. ह्या लेखात आपली वही आणि बँकेचे पासबुक यांचा मेळ कसा घालावा, व्याज कोठे लिहावे आणि कार्डाने केलेला खर्च व कार्डाची परतफेड यांत फरक कसा करावा, ह्याचा विचार केला आहे.

खात्याचे स्वरूप

किसान क्रेडिट कार्ड योजना १९९८ साली सुरू झाली. २०१२ मध्ये तिचे स्वरूप सुटसुटीत करण्यात आले आणि पैसे काढण्यासाठी यंत्रावर चालणारे कार्ड देण्याची सोय झाली. पुढे पशुपालन व मत्स्यव्यवसाय ह्यांनाही योजनेचा लाभ मिळू लागला. पिकाचे दर हेक्टरी कर्जप्रमाण व लागवडीचे क्षेत्र यांवरून कर्जाची मर्यादा ठरते. तिच्यात काढणीनंतरच्या व घरगुती गरजांसाठी दहा टक्के आणि शेतीच्या साधनांच्या देखभालीसाठी वीस टक्के रक्कम वाढवून धरली जाते. ह्या मर्यादेच्या आत शेतकऱ्याला लागेल तशी रक्कम काढता येते, भरता येते आणि पुन्हा काढता येते.

नावात 'क्रेडिट कार्ड' असले तरी शहरातील नोकरदार वापरतात त्या कार्डाशी ह्याची गल्लत करू नये. त्या कार्डावर खरेदी केल्यास महिन्याचे बिल येते आणि ते मुदतीत पूर्ण भरले तर खरेदीवर व्याज पडत नाही. बिलाची किमान रक्कमच भरली तर ती बिनव्याजी सवलत जाते व भारी दराने व्याज लागते. किसान कार्डाची रीत वेगळी आहे. ज्या दिवशी रक्कम खात्यातून जाते त्याच दिवसापासून तिच्यावर व्याज सुरू होते आणि ज्या दिवशी भरणा जमा होतो त्या दिवशी तेवढ्या रकमेवरील व्याज थांबते. हे एक तत्त्व समजले म्हणजे पुढचे सर्व सोपे जाते.

व्याज कसे मोजतात

अल्पमुदत पीककर्जासाठी केंद्र शासनाची व्याज सवलत योजना आहे. तिच्याखाली रु. ३ लाखांपर्यंतच्या कर्जाला शेतकऱ्याकडून ७ टक्के दराने व्याज घेतले जाते. कर्ज मुदतीत फेडणाऱ्यास आणखी ३ टक्क्यांची सवलत मिळते व त्याला व्याज ४ टक्केच पडते. केवळ पशुपालन किंवा मत्स्यव्यवसायासाठी घेतलेल्या कर्जाला ही सवलत रु. २ लाखांपर्यंत आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ३ लाखांची मर्यादा ५ लाखांपर्यंत नेण्याची घोषणा झाली. आपल्या खात्याला कोणती मर्यादा लागू आहे ते शाखेत विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. महाराष्ट्रात वेळेवर फेड करणाऱ्यांना डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली राज्य शासनाकडूनही सवलत मिळते.

व्याज रोजच्या बाकीवर मोजले जाते. बाकी जितके दिवस तशीच राहिली तितक्या दिवसांनी तिला गुणावे, सर्व गुणाकारांची बेरीज करावी, बेरजेला व्याजाच्या दराने गुणून ३६,५०० ने भागावे. रक्कम काढल्याचा दिवस धरावा, भरल्याचा दिवस धरू नये. एक उदाहरण घेऊ. चार एकर सोयाबीन करणाऱ्या एका शेतकऱ्याने १० जूनला यंत्रातून रु. २०,००० रोकड काढली, २५ जूनला कृषी सेवा केंद्रात कार्डाने रु. १५,००० ची खते घेतली, ५ ऑगस्टला रु. १०,००० ची औषधे घेतली, २० नोव्हेंबरला माल विकून रु. ३०,००० भरले आणि १० मार्चला खाते पूर्ण फेडले.

१० जून ते २५ जून : बाकी २०,००० × १५ दिवस = ३,००,०००
२५ जून ते ५ ऑगस्ट : बाकी ३५,००० × ४१ दिवस = १४,३५,०००
५ ऑगस्ट ते २० नोव्हेंबर : बाकी ४५,००० × १०७ दिवस = ४८,१५,०००
२० नोव्हेंबर ते १० मार्च : बाकी १५,००० × ११० दिवस = १६,५०,०००
एकूण २७३ दिवस, गुणाकारांची बेरीज = ८२,००,०००

७ टक्के दराने व्याज : ८२,००,००० × ७ ÷ ३६,५०० = रु. १,५७२.६०. मुदतीत फेड केल्याबद्दल ३ टक्क्यांप्रमाणे रु. ६७३.९७ परत मिळतात. म्हणजे प्रत्यक्ष व्याज रु. ८९८.६३ पडते. बँक पैसे सोडून पुरा रुपया धरते, त्यामुळे एखाद्या रुपयाचा फरक आल्यास तो फरक मानू नये.

ह्याच कोष्टकातून आणखी एक गोष्ट दिसते. २० नोव्हेंबरला भरलेले रु. ३०,००० 'मार्चमध्ये एकदमच भरू' असे म्हणून घरात ठेवले असते तर ११० दिवसांचे रु. ६३२.८८ एवढे व्याज वाढले असते. पैसे खात्यात भरले तरी गरज पडल्यास मर्यादेत ते पुन्हा काढता येतात. मग व्याज भरून रोकड पेटीत ठेवण्यात काय स्वारस्य ?

व्याजावर व्याज

पीककर्जाची मुदत संपलेली नसताना त्याच्या व्याजावर चक्रवाढ व्याज आकारू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. मुदत टळली आणि कर्ज थकले की न भरलेले व्याज मुद्दलात मिळविले जाऊ शकते, आणि तेव्हापासून व्याजावर व्याज चढू लागते. लहान व सीमांत शेतकऱ्यांच्या अल्पमुदत कर्जावर आकारलेले एकूण व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, असाही नियम आहे. आपल्याकडे जुन्या काळी सावकारी व्यवहारात जो 'दामदुपटी'चा नियम सांगितला जाई, त्याच्याशी हा जुळतो. हे नियम पाळले गेले की नाही हे पाहण्याचा मार्ग एकच, व तो म्हणजे पासबुकातील व्याजाची प्रत्येक नोंद वरील रीतीने स्वतः ताडून पाहणे.

दोनदा धरलेला खर्च

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. वर दिलेले उदाहरण कल्पित नाही. माझ्या मंडलातील एका शेतकरी काकांचा हा हिशेब आहे. गेल्या उन्हाळ्यात ते मला म्हणाले, "साहेब, सोयाबीनने साडेपंधरा हजारांचा खड्डा पाडला. दोन एकर बटईने देतो आणि दुभती म्हैस काढतो." त्यांची हिशेबाची वही दहावीत शिकणारी मुलगी लिहीत असे. अक्षर सुरेख, एकही नोंद गाळलेली नाही. वहीत उत्पन्न रु. ८८,००० होते. खर्चाच्या बाजूस पुढील आकडे होते :

कार्डाने केलेला खर्च व काढलेली रोकड : रु. ४५,०००
घरच्या पैशातून केलेला खर्च : रु. १२,०००
बँकेत भरलेली रक्कम, व्याजासह : रु. ४६,५७३
एकूण खर्च : रु. १,०३,५७३
तोटा : रु. १५,५७३

वाचकांच्या लक्षात चूक आलीच असेल. खते, औषधे व मजुरी यांचे रु. ४५,००० खर्च म्हणून एकदा लिहिले गेले ते योग्यच होते. पण ज्या दिवशी तेच पैसे बँकेला परत केले त्या दिवशी ते पुन्हा खर्चात धरले गेले. कर्जाची परतफेड हा खर्च नव्हे. तिने देणे कमी होते आणि तेवढीच हातातील रक्कम कमी होते. भरलेल्या रु. ४६,५७३ पैकी खरा खर्च फक्त व्याजाचा, म्हणजे रु. १,५७३ चा होता. त्याप्रमाणे हिशेब मांडला तो असा :

कार्डावरील खर्च ४५,००० + घरचा खर्च १२,००० + व्याज १,५७३ = रु. ५८,५७३
उत्पन्न रु. ८८,०००
शिल्लक रु. २९,४२७

घरच्या माणसांच्या श्रमाची मजुरी ह्यात धरलेली नाही, हे खरे. तरीही तोट्याचा हिशेब नफ्याचा झाला, आणि ह्या दोन्ही आकड्यांतील अंतर बरोबर रु. ४५,००० होते. मुलीने दोनदा बेरीज करून पाहिली, मग वही वडिलांपुढे सरकवली. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. म्हैस गोठ्यातच राहिली आणि त्या खरिपात चारही एकर त्यांनी स्वतः केले. पुढे ३ टक्क्यांचे रु. ६७४ जमा झाल्यावर शिल्लक रु. ३०,१०१ झाली, हे मुलीने आपण होऊन वहीत मांडले.

नोंदीचे चार नियम

ही चूक होऊ नये म्हणून वहीत निरनिराळी खाती ठेवावीत. रोकड, बचत खाते, कार्डाचे कर्ज, पिकाचा खर्च, घरखर्च, व्याज व विक्रीचे उत्पन्न अशी सात पाने पुरेशी होतात. नोंद करताना पुढील नियम पाळावेत.

१. कार्डाने खत, बियाणे किंवा औषध घेतले की त्याच दिवशी पिकाच्या खर्चात ती रक्कम लिहावी व कार्डाच्या कर्जात तेवढीच वाढ दाखवावी. पैसे हातातून गेले नाहीत म्हणून नोंद पुढे ढकलू नये.

२. कार्डाने रोकड काढली तर तो अद्याप खर्च झालेला नाही. कर्ज वाढले व रोकड वाढली, एवढेच लिहावे. त्या रोकडीतून मजुरी दिली की ती पिकाच्या खर्चात, मुलाची फी भरली की ती घरखर्चात लिहावी. हा भेद न केल्यास घरखर्चाचा भार पिकावर पडतो व पीक तोट्याचे दिसू लागते.

३. खात्यात भरणा केला की कर्ज कमी व रोकड किंवा बचत खाते कमी, अशी नोंद करावी. ही केवळ एका पानावरून दुसऱ्या पानावर झालेली हलवाहलव आहे. खर्चाच्या पानाला हात लावू नये.

४. बँकेने व्याज नावे टाकले की व्याजाच्या खर्चात ते लिहावे व कर्जात तेवढी वाढ दाखवावी. व्याजाची सवलत जमा झाली की उलट नोंद करावी, म्हणजे व्याजाचा खर्च तेवढ्याने कमी होईल. सवलत बहुधा फेडीनंतर काही काळाने जमा होते. तिची वाट पाहत व्याजाची मूळ नोंद अडवून धरू नये.

बचत खात्यावर मिळणारे व्याज हे उत्पन्न होय. १ एप्रिल २०१० पासून तेही रोजच्या शिलकेवर मोजले जाते. किसान कार्डाच्या खात्यात देणे फिटून काही रक्कम जमेस राहिली तर तिलाही बचत खात्याच्या दराने व्याज मिळते. ते पासबुकात आले की आपल्या वहीत उतरवून घ्यावे.

मेळ घालण्याची रीत

महिन्यातून एकदा, निदान तीन महिन्यांतून एकदा, पासबुक भरून आणावे. मग वही व पासबुक शेजारी ठेवून दोन्हींकडे असलेल्या प्रत्येक नोंदीवर पेन्सिलीने खूण करावी. कर्जाच्या पासबुकात 'नावे' ह्या रकान्यातील रकमेने देणे वाढते आणि 'जमा' ह्या रकान्यातील रकमेने ते घटते, हे ध्यानात ठेवावे. खुणा झाल्यावर ज्या नोंदी बिनखुणेच्या उरतात त्यांतच सर्व फरक दडलेला असतो. त्या नोंदी पाच प्रकारच्या असू शकतात.

पहिला प्रकार बँकेने केलेल्या व आपल्याला ठाऊक नसलेल्या नोंदींचा. त्यांत व्याज, पीक विम्याचा हप्ता, कार्डाचे वा संदेशाचे शुल्क येते. दुसरा प्रकार बँकेने जमा केलेल्या सवलतीचा. तिसरा, आपण लिहिलेल्या पण बँकेत अजून न पोहोचलेल्या नोंदींचा, उदाहरणार्थ न वटलेला धनादेश. चौथा, फसलेल्या व्यवहारांचा, म्हणजे दुकानातील यंत्रावर पैसे गेले पण दुकानदाराला मिळाले नाहीत, अशांचा. पाचवा, आपल्याच चुकांचा. एक नमुना पाहू.

३१ मार्च रोजी एका शेतकऱ्याच्या वहीप्रमाणे देणे रु. ५२,००० होते आणि पासबुकाप्रमाणे रु. ५९,७००. फरक रु. ७,७००. बिनखुणेच्या नोंदी तपासता पासबुकात व्याज रु. २,१८०, विम्याचा हप्ता रु. १,१६०, फसलेला व्यवहार रु. ३,४०० आणि जमा झालेली सवलत रु. ८४० आढळली. पहिल्या तीन रकमांची बेरीज ६,७४० झाली, तीतून ८४० वजा जाता ५,९०० उरले. म्हणजे ७,७०० पैकी १,८०० चा फरक अद्याप लागला नाही. उरलेल्या फरकाला ९ ने नि:शेष भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झाली असल्याचा संशय घ्यावा. १,८०० ला ९ ने भाग जातो. शोधता असे आढळले की काढलेले रु. ६,४०० वहीत रु. ४,६०० असे लिहिले गेले होते. मग मेळ पुढीलप्रमाणे मांडला :

वहीप्रमाणे देणे : रु. ५२,०००
अधिक व्याज : रु. २,१८०
अधिक विम्याचा हप्ता : रु. १,१६०
अधिक आकड्याची चूक : रु. १,८००
वजा सवलत : रु. ८४०
दुरुस्त वहीप्रमाणे देणे : रु. ५६,३००

पासबुकाप्रमाणे देणे : रु. ५९,७००
वजा फसलेला व्यवहार, परत यावयाचा : रु. ३,४००
खरे देणे : रु. ५६,३००

दोन्ही बाजू जुळल्या. ह्या मांडणीचा उपयोग असा की चार बाबी आपल्या वहीत दुरुस्त करावयाच्या आणि एका बाबीसाठी बँकेकडे जावयाचे, हे स्पष्ट झाले. मेळ न घालता एकतर सारा फरक बँकेच्या माथी मारला गेला असता, नाहीतर रु. ३,४०० गुपचूप सोडून दिले गेले असते.

फसलेल्या व्यवहाराबाबत रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये मुदत घालून दिली आहे. यंत्रातून रोकड बाहेर आली नाही किंवा दुकानातील यंत्रावर व्यवहार पुरा झाला नाही आणि खात्यातून रक्कम मात्र गेली, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत जमा झाली पाहिजे. त्यापुढे उशीर झाल्यास दर दिवसास रु. १०० भरपाई द्यावयाची आहे. म्हणून यंत्राची पावती जपावी व व्यवहार फसल्याची तारीख वहीत लिहावी. आपण न केलेला व्यवहार आढळला तर एक दिवसही न दवडता बँकेला कळवावे, कार्ड बंद करवावे व फसवणूक झाली असल्यास १९३० ह्या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

संगणकावर हिशेब ठेवणाऱ्यांसाठी

अनेक गावांतील तरुण आता संगणकावर हिशेब ठेवतात. त्यांच्यासाठी 'ग्नूकॅश' हा विनामूल्य मिळणारा कार्यक्रम सोयीचा आहे, कारण त्यात प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू द्याव्या लागतात व वर सांगितलेले चार नियम आपोआप पाळले जातात. कार्डाचे कर्ज देण्याच्या गटात, खते व व्याज खर्चाच्या गटात आणि रोकड मालमत्तेच्या गटात उघडावी. भरणा लिहिताना दुसरी बाजू म्हणून रोकड किंवा बचत खाते निवडावे, खर्चाचे खाते निवडू नये.

मेळ घालण्याच्या खिडकीत पासबुकाची तारीख व त्या तारखेची अखेरची बाकी भरावयाची असते. मग पासबुकात असलेल्या नोंदींवर एकेक खूण करीत गेले की तळाशी दिसणारा फरक कमी होत शून्यावर येतो. कर्जाच्या खात्यात मेळ सुरू करताना व्याजाची नोंद विचारण्याची आणि क्रेडिट कार्डाच्या बाबतीत मेळ पुरा झाल्यावर भरणा लिहून घेण्याची सोय ह्या कार्यक्रमात आहे. ती वापरताना दोन दक्षता घ्याव्यात. व्याज आधीच हाताने लिहिले असेल तर विचारणेच्या खिडकीत ते पुन्हा भरू नये, नाहीतर व्याज दोनदा पडेल. आणि भरणा प्रत्यक्ष केलेला नसताना तो केल्याचे लिहू नये, नाहीतर कर्ज कागदावर फिटेल व बँकेत तसेच राहील.

फरक शून्य होत नाही म्हणून कंटाळून 'जुळवणी'ची एक नोंद टाकून तो मिटविण्याचा मोह होतो. असे कदापि करू नये. तसे करणे म्हणजे बांध फुटला असता पाणी अडविण्याऐवजी शेताचा नकाशा बदलण्यासारखे आहे. पन्नास रुपयांच्या फरकामागे कधी कधी पाच हजारांच्या दोन उलटसुलट चुका असतात.

फेडीच्या दिवसाची दक्षता

ह्या बाबतीत माझ्या घरचाच अनुभव सांगतो. मी शिकत असताना वडिलांनी मुदतीच्या दोन दिवस आधी बँकेत जाऊन वहीत दिसत होती तेवढी रक्कम भरली. वहीत व्याज लिहिलेले नव्हते. मुद्दल फिटले, व्याजाची बाकी राहिली, खाते मुदतीत पूर्ण भरले गेले नाही अशी नोंद झाली आणि त्या वर्षाची सवलत हुकली. रक्कम मोठी नव्हती. परंतु आयुष्यभर कोणाचा एक पैसा न बुडवलेल्या माणसाला 'थकबाकीदार' हा शब्द ऐकावा लागला, ते त्यांना फार लागले. चूक बँकेच्या नियमांत नव्हती, आमच्या वहीत व्याजाचे पान नव्हते.

म्हणून फेडीपूर्वी निदान आठ दिवस आधी शाखेत जाऊन 'अमुक तारखेस खाते पूर्ण फेडण्यासाठी व्याजासह किती रक्कम लागेल' असे विचारावे. तो आकडा आपल्या कोष्टकाशी ताडून पाहावा, रक्कम भरावी, पासबुकात नोंद उमटवून घ्यावी व बाकी शून्य झाल्याची खात्री करूनच घरी परतावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

प्रत्येक गावात महिन्यातील एक दिवस 'हिशेब-मेळ' म्हणून ठरवावा. पाच-सहा शेतकऱ्यांनी वही व पासबुक घेऊन बसावे व एकमेकांच्या नोंदींवर खुणा कराव्यात. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना ह्यात अवश्य घ्यावे, कारण त्रैराशिकाचा असा जिवंत पाठ दुसरा नाही. महिलांच्या नावे खाते असेल तेथे त्यांनाच बोलवावे. कार्यकर्त्याने कोणाचे कार्ड आपल्याजवळ ठेवू नये व गुप्त क्रमांक विचारू नये. शेतकऱ्याने तो आपण होऊन सांगितला तरी ऐकून घेऊ नये. मुदतीच्या तारखांची यादी मात्र जरूर ठेवावी व एक महिना आधी प्रत्येकाला आठवण द्यावी.

सारांश

कार्डाने खरेदी केली तेव्हाच खर्च झाला. परतफेडीने देणे फिटते, खर्च वाढत नाही. व्याज तेवढे खर्चात धरावे व सवलत आली की ते कमी करावे. पासबुक व वही यांतील फरक शोधावा, झाकू नये.

स्वाध्याय

१. रु. २५,००० ची बाकी ७३ दिवस राहिली. ७ टक्के दराने व्याज किती ?

२. रु. ४०,००० ची बाकी १४६ दिवस राहिली. मुदतीत फेड केल्यास ४ टक्क्यांप्रमाणे व्याज किती ?

३. एका शेतकऱ्याने कार्डाने रु. १२,००० काढून त्यांपैकी रु. ९,००० मजुरी दिली व रु. ३,००० घरात आजारपणासाठी खर्च केले. पुढे त्याने रु. १२,३०० भरून खाते फेडले. पिकाच्या खर्चात किती, घरखर्चात किती व व्याजात किती लिहावे ?

उत्तरे : (१) रु. ३५०. (२) रु. ६४०. (३) पिकाचा खर्च रु. ९,०००, घरखर्च रु. ३,०००, व्याज रु. ३००. उरलेले रु. १२,००० कर्जाच्या पानावर देणे फिटल्याचे दाखवावेत.